पहिलं ‘नको’

आमच्या आबांना बुफेचा भयंकर राग. लग्नात हातात ताट घेऊन रांगेत उभं राहायची वेळ आली की ते सरळ अक्षता टाकून घरी येतात आणि आईला म्हणतात, "टाक कायतरी तव्यावर." आबा म्हणजे माझे वडील. शेवगावजवळ आमचं गाव. कपाशी, तूर आणि थोडा ऊस असं आमचं शेत आहे, पण गाव त्यांना ओळखतं ते वाढपी म्हणून. मांडवात पंगत बसली की कमरेला पंचा खोचून, हातात बुंदीची पाटी घेऊन आबा पुढे निघायचे आणि मागून बाकीचे वाढपी. लहानपणी मीही पाण्याचा जग घेऊन त्यांच्या मागे पळायचे. त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट पाढे नाहीत की श्लोक नाहीत. "पोरी, पयलं नको कानावरच घ्यायचं न्हाई. ते तोंडानं म्हनायचं आसतं. दुसऱ्यांदा गेल्यावर मानूस खरं बोलतो."

आणि खरंच आहे ते. आमच्याकडे कुणाच्या घरी गेलं आणि घरच्या बाईनं चहा विचारला, तर लगेच ‘हो’ म्हणणारा माणूस हावरट ठरतो. आधी म्हणायचं, "नको, आत्ताच झाला." मग ती म्हणते, "असं कसं, घोटभर घ्या की." मग म्हणायचं, "बरं, अर्धाच टाका." अर्धा म्हणून भरलेला कप येतो आणि तो बशीत ओतून सगळा प्यायचा. हे सगळं इतकं अंगात मुरलेलं असतं की आपण काही वेगळं करतोय हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं, विमानात नोकरी लागेपर्यंत.

मी एअर होस्टेस आहे. म्हणजे आमच्या एका लांबच्या मामींच्या भाषेत, "एवढं शिकून शेवटी लोकांना पाणीच देती." हे वाक्य त्या माझ्या तोंडावर बोलल्या, माझ्याच घरात बसून, मीच केलेला चहा पीत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी काहीतरी तिखट बोलणार तेवढ्यात आबा म्हणाले, "मामी, वाढनं सोपं हाय व्हय? तुमी आदी चार ताटांत सारखं वाढून दाखवा." मामींनी उरलेला चहा गपगुमान संपवला. आबांचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत, पण त्या दिवसाचे मी वेगळे मोजते.

आमची कंपनी लहान. विमानंही लहान, पंख्यांची. माझं बिऱ्हाड हैदराबादला आणि ड्युटी बहुतेक वेळा हैदराबाद ते शिर्डी आणि परत. शिर्डीचा विमानतळ म्हणजे आमच्याच जिल्ह्याचा, त्यामुळे या विमानात आमची माणसं भरपूर. टोपीवाले आजोबा, डोक्यावर पदर घेतलेल्या आज्या, नातवानं तिकीट काढून बसवून दिलेल्या. तिकिटातच खाणं धरलेलं असतं. एक खोका, त्यात सँडविच आणि केकचा तुकडा, बरोबर चहा किंवा ज्यूस. पहिल्या काही महिन्यांत मला कळेचना की परत येणाऱ्या ट्रॉलीत एवढे खोके उरतात कसे. आणि उतरताना याच आज्या एकमेकींना म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकलं, "लई भूक लागली बाई. कवा घरी जाऊ आन भाकरी खाऊ आसं झालंय."

डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. आम्ही विचारायचो, "काही घेणार का?" त्या म्हणायच्या, "नको." आम्ही हसून पुढे जायचो. शिकवलंच होतं तसं, प्रवाशाच्या शब्दाचा मान ठेवा. आणि त्या बिचाऱ्या ट्रॉलीकडे बघत बसायच्या, आता ही परत येईल, आता म्हणेल ‘असं कसं’. परत कोण येतंय! बटण दाबून मागून घ्यायचं तर त्याहून अवघड. पाहुण्याच्या घरी कुणी टाळ्या वाजवून वाढपी बोलावतं का?

मी आमच्या वरिष्ठ बाईंकडे गेले. म्हटलं, मॅडम, माझ्या गावाकडची माणसं तुमच्या विमानातून उपाशी उतरतात. त्या दिल्लीच्या. म्हणाल्या, हवं असेल तर मागतील, मोठी माणसं आहेत. माझा आवाज चढला. त्यांचाही चढला. मग मी त्यांना पंगत समजावून सांगितली, टेबलावरचे कागदाचे कप रांगेत मांडून. आधी पाणी, कुणाला न विचारता. पाणी हातात आलं की माणूस सैल होतो, त्याला कळतं की आपण इथे पाहुणे आहोत. मग ‘घेणार का’ असं विचारायचंच नाही, ‘चहा देऊ की ज्यूस’ असं विचारायचं. आणि रिकामे कप गोळा करायला परत जाताना ट्रॉलीवर भरलेले खोके ठेवायचे आणि ज्यांनी नको म्हटलं त्यांच्याजवळ पुन्हा थांबायचं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "एवढ्याशा प्रवासात दोन फेऱ्या? बघ करून या एका मार्गावर. उशीर झाला तर बंद." कडक बाई, पण ऐकून घेतलं त्यांनी. पुष्कळ जण तेवढंही करत नाहीत.

माझ्याबरोबर त्या मार्गावर एक केरळची मुलगी असायची. माझ्याहून लहान, शांत, कधी आवाज चढलेला मी ऐकला नाही. मी एकटीच दोघींपुरतं बोलते म्हणा. तिला मी हे सगळं सांगितलं तेव्हा वाटलं होतं हसेल. ती म्हणाली, "आमच्याकडे तर केळीचं पान मिटेपर्यंत वाढतच राहतात." झालं, आमची गट्टी जमली. तिला मराठी वाक्यं हवी होती. मी शिकवली. "घोटभर घ्या." "असं कसं, आजी." आणि एकदा चेष्टेच्या लहरीत म्हटलं, हे सगळं करून नाहीच ऐकलं, तर शेवटचं हत्यार. म्हणायचं, "माझ्या गळ्याची शप्पथ हाय." आमच्याकडे एवढी शपथ घातली की समोरच्याला खावंच लागतं. तिनं ते घोकून घोकून पाठ केलं. मी पोट धरून हसले होते.

दुसरी फेरी सुरू झाली आणि खोके उरायचे कमी झाले. त्याच सुमारास आई पहिल्यांदा माझ्याकडे यायला तयार झाली.

इतकी वर्षं मी बोलावत होते. गाईचं कोण बघणार, आबांच्या जेवणाचं काय, तूर काढायला आली, एक ना दोन. शेवटी मी सांगितलं, माझी ड्युटी असलेल्या विमानातूनच तुला नेते. तेव्हा कुठे बाई हलली. पण तिनं फोनवर अट घातली. "मला वळख दाखवायची न्हाई. कुनाला सांगायचं न्हाई. लोकं म्हनतील, आईला फुकाट घेऊन फिरती." मी म्हटलं, अगं, नियमानं तिकीट काढलंय. "ते काय का आसंना." मग मी हात टेकले आणि कुणालाही सांगितलं नाही, त्या केरळच्या मुलीलासुद्धा.

आईला साखरेचा आजार आहे. सकाळी गोळी घेतली की पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर तिची साखर एकदम उतरते. एकदा शेतात अशीच बसल्या जागी कोसळली होती. हे मला माहीत, म्हणून मी आदल्या दिवशी बजावलं होतं की नीट खाऊन निघ. ती म्हणाली, भाकरी बांधून घेते, वाटेत खाते. त्या दिवशी मी हैदराबादहून विमानाबरोबर आले, ती आबांबरोबर शेजाऱ्यांच्या जीपमधून शिर्डीला आली. माणसं चढायला लागली. दारात मी हात जोडून उभी. आई समोर आली, नवीन इस्त्रीची साडी, चेहरा एकदम परका करून. मी हळूच विचारलं, "खाल्लंस?"

"भाकरी पिशवीत हुती," ती ओठ न हलवता पुटपुटली. "त्यांनी पिशवी पट्ट्यावर टाकून नेली. मला वाटलं यष्टीवानी शिटाखाली देत्यात."

म्हणजे भाकरी विमानाच्या पोटात आणि आईच्या पोटात नुसती गोळी. मी कपाळाला हातही लावू शकले नाही, मागे माणसं उभी होती. "कुठं बसू मॅडम?" आईनं मोठ्यानं विचारलं. सख्ख्या आईनं मला मॅडम म्हटलं! मी तिला पुढची दुसरी रांग दाखवली. मनात म्हटलं, काळजी नको, वर गेल्या गेल्या खाणं मिळेल.

पण पुढचा अर्धा भाग त्या मुलीचा आणि मागचा माझा. मी मागून माझं काम करत पुढे बघत होते. तिनं आईला पाणी दिलं, आईनं घेतलं. मग खोका पुढे केला. आईची मान हलली. कुठली मान ते मला मागूनही ओळखू येत होतं. जन्मभर बघितलीय मी ती. मुलगी पुढच्या रांगेकडे गेली. मी म्हटलं, ठीक आहे, परतीची फेरी आहेच, त्यासाठीच तर भांडले मी.

तेवढ्यात विमान हलायला लागलं.

ढग दाट होते. कॅप्टननं सगळ्यांना बसायला सांगितलं, आम्हालाही. ट्रॉल्या जागेवर लावून मी मागच्या आणि ती पुढच्या खुर्चीवर पट्टे बांधून बसलो. धक्के थांबेनात. मग कॅप्टनचा निरोप आला की थोड्या वेळात उतरायला लागू, आता ट्रॉली काढू नका. म्हणजे दुसरी फेरी रद्द.

मी इतकी वर्षं विमानात काढली, धक्क्यांची मला कधी भीती वाटली नाही. त्या दिवशी मात्र वाटली. मला आईचा फक्त पदर दिसत होता आणि तो हळूहळू खिडकीकडे कलत होता. तिला घाम फुटला असणार. हात थरथरत असणार. आणि ही बाई मरेल पण बटण दाबणार नाही! अस्सा राग आला मला तिचा. मायेपोटीच, पण राग. एक सँडविच, आई! हात पुढे करून घ्यायचं, त्यात एवढं काय अवघड आहे? आणि त्या अटीचा राग, आणि ती अट पाळणाऱ्या माझाही. मी पुढच्या मुलीला सांगायला आतला फोन उचलला. वाजत राहिला. कुणी घेईना.

कारण ती खुर्चीवर नव्हतीच. धक्के जरा कमी झाल्याबरोबर कॅप्टनला विचारून ती उठली होती. एका हातानं सीटच्या पाठी धरत, दुसऱ्या हातात एक खोका आणि ज्यूस घेऊन, ती दुसऱ्या रांगेपाशी जाऊन चक्क गुडघ्यावर बसली. एकटीच, ट्रॉलीशिवाय. तिला कुणी सांगितलं नव्हतं; समोरच्या खुर्चीवरून आईचा उतरलेला चेहरा तेवढा तिला दिसत होता. ती माझी आई आहे हेही तिला ठाऊक नव्हतं. काय बोलली ते मला मागे ऐकू आलं नाही. आईची मान पुन्हा हलली, तीच मान. मुलगी उठली नाही. पुन्हा काहीतरी बोलली. आणि मग मला आईचा हात दिसला, ज्यूसचा डबा धरलेला.

कॅप्टननं पट्टे बांधायची खूण बंद केल्यावर मी पुढे धावले. तोवर आईनं ज्यूस संपवला होता आणि केक खात होती. रंग परत आला होता. मी अट-बिट सगळी गुंडाळून ठेवली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. शेजारचे आजोबा म्हणाले, "काय झालं पोरी?" आई म्हणाली, "काय न्हाई, माझी लेक हाय ती. लई हळवी हाय." त्या मुलीनं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि तिचाही चेहरा रडवेला झाला. मी तिला मिठी मारली, युनिफॉर्ममध्ये, सगळ्या प्रवाशांसमोर. तिचे आभार मानायला मला अजून शब्द सापडलेले नाहीत. तिच्या भाषेतला एक शिकून घेतलाय, पण तोही कमीच पडतो.

रात्री हैदराबादला माझ्या घरी गरम वरणभात खाताना मी आईला चांगलं फैलावर घेतलं. घरी ये-जा करणाऱ्यांसमोर ‘नको’ म्हणतेस ते ठीक, जीव जात असताना कसलं नको? आई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पयल्यांदा तर म्हनायचंच आसतं. दुसऱ्यांदा म्हनले ते सवयीनं."

"कसली सवय?"

"दुसऱ्यांदा कोन विचारतंय गं." ती भात कालवत होती. "ती पोरगी परत आली आन मला समजंच ना, पुढं काय म्हनायचं. मग तिनं गळ्याची शप्पथ घातली. एवढीशी पोर, परक्या मुलखातली. खाल्लं मग. आजवर मला कुनी शप्पथ घातली नव्हती."

माझा घास हातातच राहिला. पंगतीत बायका शेवटी बसायच्या. तोवर आबांची पाटी रिकामी झालेली असायची आणि आबा दमून ओट्यावर टेकलेले. घरीही तसंच. आई सगळ्यांना वाढून, उरलंसुरलं पातेल्यातच कालवून खायची. सगळ्या गावाला आग्रह करणारा माणूस आमच्या घरात होता आणि त्याच्या बायकोला दुसऱ्यांदा कुणी विचारलं नव्हतं. आबा वाईट नव्हेत. त्यांना कधी सुचलंच नाही. मलाही सुचलं नव्हतं.

पंधरवड्यानं मी आईला पोचवायला गावी गेले. यावेळी मी साधी प्रवासी होते आणि भाकरी आईच्या मांडीवर होती. घरी पोचल्यावर आबांनी सगळी हकीकत ऐकली. मी काही गाळलं नाही. गोळी, पिशवी, धक्के, शपथ, आणि आई भात कालवताना जे बोलली तेही. आबा उठून बाहेर गाईपाशी गेले. मला वाटलं, चिडले. बराच वेळ ते तिकडेच राहिले.

संध्याकाळी आईनं स्वयंपाक केला. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, आणि मी आले म्हणून शेवयांची खीर. ती आम्हाला वाढायला उठणार तेवढ्यात आबा स्वयंपाकघरात आले. पंचा कमरेला खोचलेला होता. कितीतरी वर्षांनी मी त्यांना तसं बघत होते.

"तू बस," ते आईला म्हणाले.

"अवो, काय खुळ्यावानी करताय?"

"बस म्हनलं ना."

ती बसली. माझ्या शेजारी, अवघडून, पाय कसे घ्यावे ते न कळल्यासारखी. आबांनी आधी पाणी दिलं. मग मीठ, भरीत, भाकरी. आईनं भाकरी संपवली. आबा खिरीचं पातेलं घेऊन वाकले. "थोडी खीर?"

"नको," आई म्हणाली. "साखरेची हाय."

"एक पळी. तेवढ्यानं काय हुतंय?"

"नको वो."

आबा थांबले. मग ते म्हातारे गुडघे मोडून तिच्यासमोर खाली बसले. सगळा तालुका ज्याच्या आग्रहाला हार जायचा, तो माणूस अडखळत, लाजत म्हणाला, "माझ्या गळ्याची शप्पथ हाय तुला."

आईनं वाटी पुढे केली. आबांनी पळी भरली. खिरीत साखर अगदी नावाला होती, तिनंच तशी केली होती. ती खात होती आणि मी मुद्दाम माझ्या ताटाकडे बघत होते. आबांनी पुन्हा पळी बुडवली आणि तिच्या वाटीवर धरली. तेव्हा आईनं वाटीवर हात आडवा धरला, वर बघून हसली आणि म्हणाली, "पुरे."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या तोंडून तो शब्द ऐकला.